नागपुरात ट्रकला हीटर? हाव, बसवला

शक्तिमानला हीटर बसवतो म्हटल्यावर घरापासून गॅरेजपर्यंत सगळे हसले. साहजिक आहे म्हणा, मार्च लागला की खिडक्या-खिडक्यांत कूलर लटकणारं आपलं गाव, मे मध्ये 45 च्या वर पारा, तिथे कोणी ट्रकच्या केबिनमध्ये गरम हवा सोडतो म्हटलं तर लोक डोक्यावर परिणाम झाला समजणारच. पण याच नागपुरात डिसेंबर 2018 मध्ये पारा 3.5 वर गेला होता हे सगळे विसरतात. आणि हिवाळ्यात पहाटे देवलापार, खवासा करत सिवनीकडे कॅनव्हासच्या टपाची गाडी चालवून बघा एकदा, मग बोलू.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, शक्तिमान म्हणजे जर्मनीच्या मान कंपनीच्या लायसन्सवर 1959 पासून जबलपूरला बनलेला आर्मीचा ट्रक. लष्करातून निघाल्यावर कितीतरी गाड्या लिलावात गेल्या आणि लाकूड ओढत राहिल्या, माझीही तशीच हातोहात फिरत आली. सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन, 24 व्होल्टची लाईन, आणि केबिन म्हणजे पत्रा, कापड आणि भोकं.

हीटरचं तंत्र तसं अगदी सोपं आहे. इंजिनचं गरम पाणी छोट्या रेडिएटरसारख्या कोअरमधून फिरवायचं, मागून पंख्याने हवा मारायची, बस. खरी गोम पाणी कुठून घ्यायचं यात आहे. इंजिनच्या हेडमधून, म्हणजे थर्मोस्टॅटच्या (इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणाऱ्या झडपेच्या) अलीकडून घ्यायचं आणि वॉटर बॉडीच्या, म्हणजे पाण्याच्या पंपाच्या, ओढणाऱ्या बाजूला परत सोडायचं, म्हणजे थर्मोस्टॅट बंद असतानाही हीटरमधून पाणी फिरत राहतं. रेडिएटरच्या वरच्या पाईपला टी मारून काम उरकणारे आहेत, पण तिथे थर्मोस्टॅट उघडेपर्यंत तुम्ही कुडकुडतच बसणार.

आता थर्मोस्टॅट! माझ्या गाडीत तो नव्हताच. आमच्या उस्तादांना विचारलं तर म्हणतात, "अरे भाऊ, नागपूर में थर्मोस्टॅट कौन रखता है, निकाल के फेक दो, गाडी थंडी चलती है." हे आपल्याकडचं जुनं दुखणं. उन्हाळ्यात गाडी तापली की पहिला बळी थर्मोस्टॅटचा, मग रेडिएटर चोंदलेला असो की फॅनबेल्ट ढिला. पण थर्मोस्टॅट नसला तर हिवाळ्यात इंजिन धड गरमच होत नाही, डिझेल नीट जळत नाही, आणि हीटरमधून येते कोमट झुळूक. जुन्या गाडीचा हीटर चालत नाही म्हणून जे रडतात ना, त्यांनी आधी हे हाऊसिंग उघडून बघावं, आत बरेचदा नुसती पोकळी सापडेल. आम्ही साधारण 82 डिग्रीला उघडणारा बसवला. उस्ताद नाराज आहेत अजून, पण गाडी सुधरली हे मान्य करतात, हळू आवाजात.

कोअर भंगारातून मिळाला, तांब्या-पितळेचा, म्हणजे गळला तरी डाख लावता येतो. पण असा जुना कोअर आधी रेडिएटरवाल्याकडे प्रेशर देऊन तपासल्याशिवाय बसवू नका, कारण तो फुटला तर उकळतं पाणी थेट ड्रायव्हरच्या पायावर येतं. दोन्ही होज पाईप फायरवॉलमधून, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून, जातात तिथे रबरी ग्रोमेट लावा, नाहीतर पत्रा पाईप कापतो. आणि कोअर उंचावर असेल तर आत हवा अडकते, मग कितीही वेळ गाडी चालू ठेवा, एक पाईप गरम आणि दुसरा गार. वरच्या टोकाचा पाईप ढिला करून हवा काढावी लागते, तीही इंजिन गार असताना, गरम असताना हात घातला तर भाजणार.

ब्लोअर सहसा कारचा, 12 व्होल्टचा मिळतो. 24 व्होल्टसाठी जोडलेल्या 12-12 च्या दोन बॅटऱ्यांपैकी एकीवरून तार ओढायचा मोह सगळ्यांनाच होतो, पण मग तीच बॅटरी उतरते, दुसरी ओव्हरचार्ज होते आणि दोन्हींची वाट लागते. बसचा 24 व्होल्टचा ब्लोअर शोधा, नाहीतर कन्व्हर्टर लावा. फ्यूज तर हवाच.

एवढं करून पहिल्यांदा चालू केला तर पाय गरम, बाकी सगळं गार! हवा आत येत होती तेवढीच पेडलच्या फटींतून आणि गिअर लिव्हरच्या बुडातून बाहेर. मग रबर, पट्ट्या, जुना नमदा असं काय काय कोंबलं. खरं म्हणजे हे काम हीटरच्या आधी करायला हवं, कारण त्याच भोकांतून सायलेन्सरचा धूरही आत येऊ शकतो, आणि त्यातला कार्बन मोनॉक्साईड वासावरून कळत नाही.

लाईनमध्ये पाण्याचा कॉक ठेवलाय, उन्हाळ्यात बंद. पण मे मध्ये घाटात काटा वर चढायला लागला तर तोच कॉक उघडून ब्लोअर फुल करायचा, हीटर म्हणजे एक जास्तीचा छोटा रेडिएटरच की, इंजिनची थोडी गरमी केबिनमध्ये घेतो. ड्रायव्हर उकडून निघतो ते वेगळं. हसणाऱ्यांना हे सांगितलं तर अजून जास्त हसले.

काचेला हवा मारायचं काम बाकी आहे. पुढची काच दोन भागांत आहे, त्यामुळे दोन नळ्या न्याव्या लागतील, आणि सध्या धुक्यात एका हाताने स्टिअरिंग, दुसऱ्याने फडकं असं चाललंय. कोणाकडे जुन्या बसच्या डिमिस्टरची तोंडं पडून असतील तर सांगा बाप्पा, कामठी रोडपर्यंत येऊन घेऊन जाईन.