१-०-१

दुपारी दीड ते चार कोल्हापुरातली आमची शाहूपुरी झोपते. दुकान उघडं असतं, पण गिऱ्हाईक नसतं. मी त्या वेळात एक्स्पायरी जवळ आलेला माल बाजूला काढत बसते. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात अशीच बसले होते, तेवढ्यात तालमीचा एक पोरगा साड्यांच्या दुकानाची भलीमोठी पिशवी घेऊन आला आणि ती काउंटरवर आदळली.

"काकू, हे श्रीलंकेला पाठवायचंय. गल्लीतनं औषधं गोळा केल्यात. तुम्ही तेवढं बघून द्या की, काय चालतंय, काय नाही."

दितवाह वादळ श्रीलंकेवर आदळून तेव्हा आठवडा झाला होता. सहाशेच्या वर माणसं गेली. कँडी, बदुल्ला, नुवारा एलिया हा डोंगराळ भाग दरडींखाली गेला, खाली सखल भागात पुराचं पाणी. आपली 'विक्रांत' आणि 'उदयगिरी' ही जहाजं कोलंबो बंदरातच होती, त्यामुळे पहिली मदत तिथल्या तिथेच उतरली. मग 'ऑपरेशन सागर बंधू' नावाने विमानं गेली, एनडीआरएफची पथकं गेली, महियांगनयला लष्कराचं फील्ड हॉस्पिटल उभं राहिलं, तुटलेल्या रस्त्यांसाठी जोडून उभे करायचे लोखंडी बेली पूल गेले. तालमीच्या ग्रुपवर विक्रांतचा फोटो फिरला आणि पोरांचं रक्त उसळलं. आमच्याकडे ते लवकर उसळतं. पुराच्या वेळी गळ्याएवढ्या पाण्यात उतरून म्हाताऱ्याकोताऱ्यांना पाठीवर घेणारी हीच पोरं आहेत, त्यामुळे त्यांची थट्टा करायची मला सोय नाही.

मी पिशवीत हात घातला. वरच कापलेली पट्टी लागली. चार गोळ्या शिल्लक, औषधाचं नाव अर्धं, बॅच नंबर आणि एक्स्पायरीचा तुकडा आधीच कात्रीने गेलेला. त्याखाली खोकल्याच्या औषधाची अर्धी बाटली, झाकणाभोवती साखर जमलेली, तिला मुंग्या. मी हात बाहेर काढला.

"काय झालं?"

"काही नाही. बस. चहा सांगते."

झालं असं होतं की मला २०१९ आठवलं.

ऑगस्ट २०१९. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट आहे. त्या वर्षी पाणी ५५ फूट ७ इंचांवर गेलं. आमच्या दुकानात शिरलं नाही, दोन गल्ल्या अलीकडे थांबलं, पण कुंभार गल्ली गेली. गणपतीच्या तोंडावर मूर्तींची माती झाली. शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली गेला, म्हणजे पुण्याहून येणारा माल बंद. पाणी उपसणारी केंद्रंच बुडाली, म्हणून चहूबाजूंनी पाणी आणि नळाला थेंब नाही. पेट्रोल नाही, दूध नाही. दुकानातला इन्शुलिनचा फ्रिज मी शेजारच्या जनरेटरवर चालवत होते आणि त्याचं दार दिवसातून दोनदाच उघडायचं, असा नियम केला होता. त्या पाच-सहा दिवसांत मला बाहेरून काय हवं होतं, हे मी झोपेतही सांगितलं असतं: इन्शुलिन, ओआरएस, लेप्टोसाठी, म्हणजे पुराच्या घाण पाण्यातून होणाऱ्या तापासाठी, डॉक्सिसायक्लिन, पाण्यात टाकायच्या क्लोरीनच्या गोळ्या, पायांच्या चिखल्यांना मलम, बीपी-शुगरची चार-पाच नेहमीची औषधं. बस्स. एका कागदावर मावेल एवढं.

हायवे सुटला आणि ट्रक आले. कुठकुठून आले! लोकांचं मन बघून भरून यायचं, खोटं कशाला बोलू. औषधांची पोती एका मंगल कार्यालयात उतरवली आणि आम्हा चार फार्मासिस्टना निवडायला बसवलं. लग्नाच्या स्टेजवर, मागे अजून थर्माकोलची नावं लटकलेली, आणि खाली आम्ही पोतं उलटं करून तांदूळ निवडावेत तसे पट्ट्या निवडतोय. वजन कमी करायची पावडर. केसांचा रंग. गर्भनिरोधक गोळ्यांचं पाकीट, त्यातल्या नऊ खाल्लेल्या. उघडलेले डोळ्यांचे ड्रॉप, जे उघडल्यावर महिन्याच्या आत टाकायचे असतात. कोणाची तरी फिटची औषधं, जी चुकीच्या माणसाला दिली तर काय होईल ह्याचा विचारही नको. आणि पट्ट्या, कापलेल्या पट्ट्या, शेकडो. एका पोत्याला दोघींचा अर्धा दिवस जायचा आणि हाती लागायचं ते एका घमेल्यात मावेल इतकं.

गंमत म्हणजे त्या पट्ट्यांवर हस्ताक्षरं असायची. आम्ही दुकानदार पट्टीच्या मागे किंवा पाकिटावर पेनाने लिहितो ना, १-०-१, म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. तर कुठल्या कुठल्या केमिस्टची अक्षरं. कोणाचा एक पाय मोडल्यासारखा, कोण शून्याऐवजी फुली मारतो. एकाने लिहिलं होतं, 'जेवल्यावरच, आजी!'. त्या आजीला गोळी लागू पडली की नाही, कोण जाणे.

आणि निवडून झालं म्हणजे संपलं असं नाही. जुनी औषधं कचऱ्याच्या गाडीत टाकता येत नाहीत, नदीत तर नाहीच. ती जाळायला खास भट्टी लागते आणि ती किलोवर पैसे घेते. म्हणजे लोकांनी फुकट पाठवलेला माल आम्ही पैसे भरून जाळला. तिकडे आमच्या पथकाचे दोन डॉक्टर शिरोळकडच्या गावात ओआरएस संपलं म्हणून फोन करत होते. आम्ही केसांचा रंग मोजत होतो.

पोराला हे सांगितलं तर तो म्हणाला, "काकू, पण लोकांनी चांगल्या मनानं दिलंय."

दिलंयच. मी कुठे नाही म्हणते? ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी फार्मसीच्या कॉलेजात होते. आम्ही मुली दारोदार कपडे गोळा करत फिरलो, आणि त्या गाठोड्यात मी स्वतः एक सोनेरी काठाचा ब्लाऊज टाकला होता, जो मला दंडात बसत नव्हता. ज्या बाईचं घर दगडमातीखाली गेलंय तिला माझ्या मापाचा जरीचा ब्लाऊज. तेव्हा मला कुणी थांबवलं नाही.

नंतर वाचनात आलं की हा प्रकार जगभराचा आहे. २००४ च्या त्सुनामीनंतर इंडोनेशियात आचे प्रांतात जगातून ४,००० टन औषधं जाऊन पडली. बरीचशी त्या देशाच्या यादीतच नव्हती, बऱ्याच खोक्यांवरची भाषा तिथल्या नर्सला वाचता येत नव्हती. खरं तर जागतिक आरोग्य संघटनेने १९९६ मध्येच औषधदानाचे नियम छापले होते. घ्यायला बसलेला देश मागेल तेच पाठवा. पोचल्यावर निदान एक वर्षाची मुदत शिल्लक हवी. रुग्णाला एकदा दिलेलं औषध परत घेऊन दान करू नका. हे तिसरं कलम वाचलं तेव्हा मंगल कार्यालयातली ती स्टेज डोळ्यांसमोर आली.

आणि चांगलं कसं करतात तेही २०१९ मध्येच बघायला मिळालं होतं, फक्त मला ते उशिरा कळलं.

मार्च २०१९. आमच्या एक मावशी चिखलीहून बीपीच्या गोळ्या न्यायला यायच्या. त्यांचा मुलगा नौदलात. एकदा म्हणाल्या, "पोराचं जहाज आफ्रिकेला गेलंय बाई, कुठं वादळ आलंय. बैरा का काय गाव हाय." मी घरी जाऊन नकाशात बघितलं. मोझांबिकचं बेइरा बंदर. १४ मार्चच्या रात्री इडाई चक्रीवादळ तिथे किनाऱ्यावर चढलं, मग झिम्बाब्वे आणि मलावीपर्यंत पाऊस पाडत गेलं. तिन्ही देशांत मिळून हजारावर माणसं मेली. मोझांबिकने विनंती केल्यावर आपली 'सुजाता', 'शार्दूल' आणि तटरक्षक दलाचं 'सारथी' ही प्रशिक्षणाच्या फेरीवर निघालेली जहाजं तिकडे वळवली, आणि बाहेरच्या देशांपैकी सगळ्यात आधी तीच पोचली. मावशींच्या बोलण्यात त्याचं कौतुक काही महिने पुरलं.

मला त्या गोष्टीतलं पुढचं प्रकरण जास्त आवडतं. बेइरात पाणी साचलं, विहिरी आणि संडास एक झाले, आणि मार्च संपायच्या आत कॉलरा जाहीर झाला. अशा वेळेसाठी कॉलऱ्याच्या तोंडावाटे द्यायच्या लशीचा एक जागतिक साठा २०१३ पासून ठेवलेला आहे. देशाने मागायचं, मग साठ्यातून सोडायचं. तिथून जवळपास ९ लाख डोस आले. ३ एप्रिलला मोहीम सुरू झाली आणि आठवडाभरात आठ लाखांवर लोकांना लस पाजून झाली. त्यात फ्रिज आला, बर्फाचे डबे आले, दोन ते आठ अंश तापमान आलं, गावोगाव हिंडणारे तिथलेच स्वयंसेवक आले. फोटो काढण्यासारखं त्यात काही नाही. एक छोटी कुपी, ती तोंडात रिकामी करायची, पुढचा.

तसंच जागतिक आरोग्य संघटनेचं एक आपत्कालीन औषधांचं ठरलेलं खोकं असतं. दहा हजार माणसांना तीन महिने पुरेल असं. त्यात हजार-हजार माणसांचे दहा वेगळे संच, म्हणजे दहा खेड्यांत वाटता येतात, आणि ते गावातल्या साध्या आरोग्य कर्मचाऱ्यालाही वापरता येतील असे. मी ती यादी पहिल्यांदा वाचली तेव्हा बायका दागिन्यांची पानं बघतात तशी वाचली. कोणीतरी आधी, शांतपणे, कोरड्या जागी बसून विचार केलाय, हे त्यात ओळीओळीला दिसतं.

(अर्थात घेणाऱ्याने दारच उघडलं नाही तर ह्यातलं काही चालत नाही. मे २००८ मध्ये म्यानमारला नर्गिस आलं. आपल्या हवामान खात्याने दोन दिवस आधी कळवलेलं. इरावतीच्या मुखाशी एक लाख अडतीस हजारांच्या आसपास माणसं मेली किंवा बेपत्ता झाली, आणि तिथले लष्करशहा परदेशी मदतपथकांना व्हिसा देत नव्हते. अमेरिकेची आणि फ्रान्सची जहाजं मदत भरून समुद्रात थांबून राहिली. शेवटी आसियान गटातल्या शेजारी देशांना मध्ये घालून वाट काढावी लागली. त्यात किती दिवस गेले! तो राग वेगळा, आज तो नको.)

मार्चमध्ये बुडालेल्या गावाची गोष्ट सांगणाऱ्या मावशींना ऑगस्टमध्ये चिखलीतून बोटीत घालून बाहेर काढलं. पिशवी गेली, त्यात गोळ्या गेल्या. कॅम्पात मी त्यांना विचारलं, कुठली गोळी घेत होता? म्हणाल्या, "बारकी पांढरी." पांढऱ्या बारक्या गोळ्या जगात किती! सुदैवाने त्यांची चिठ्ठी मी पूर्वी माझ्या वहीत उतरवली होती. नाहीतर त्या पोत्यांमधल्या चार हजार पांढऱ्या बारक्या गोळ्या त्यांच्या काय कामाच्या?

चहा आला. पोराने बशीत ओतला, फुंकला, आणि म्हणाला, "मग करायचं काय आम्ही? बसून बघायचं?"

ह्यावर माझ्याकडे ऐटबाज उत्तर नव्हतं. मी म्हटलं, औषधं परदेशी पाठवायला परवाने लागतात, कागद लागतात, तुझं पोतं विमानतळावरच पडून राहील. कपड्यांचं म्हणशील तर गारमेंटमध्ये आख्खी श्रीलंका काम करते, त्यांना आपल्या जुन्या शर्टांची काय पत्रास? पैसे गोळा कर, आणि ते कुणाला द्यायचे हे नीट चौकशी करून ठरव, घाई करू नको. पैसा भिजत नाही, त्याला एक्स्पायरी नाही. त्याचं तोंड उतरलं. पैशाचा फोटो निघत नाही, हे मलाही कळतं. टेम्पोला बॅनर लावून निघण्यात जी मजा आहे ती चेकमध्ये कुठली? तरी त्याने मान डोलावली. त्यांच्याकडे आतापर्यंत अकरा हजार चारशे जमलेत, असं परवा सांगून गेला. रेड क्रॉसवाल्यांकडे जाऊन विचारून येणार म्हणे.

पिशवी मात्र माझ्याकडेच ठेवून गेला. "तुम्हीच बघा आता काय ते."

रात्री दुकान बंद करायच्या आधी ती उलटी केली. जाळायच्या डब्यात काय जाईल ते बाजूला काढायचं होतं. मुंग्यांची बाटली आधी. मग पट्ट्या. तळाशी रबर लावलेला एक गठ्ठा निघाला. शुगरच्या मेटफॉर्मिनच्या पाच आख्ख्या पट्ट्या, बीपीच्या अ‍ॅम्लोडिपिनच्या तीन, एकही गोळी न फोडलेली. मुदत २०२७ पर्यंत. चांगला माल दिसतोय म्हणून पट्टी उलटी केली.

१-०-१. एकाच्या डोक्यावर छोटी शेंडी, शून्य जरा अंड्यासारखं. माझं अक्षर.

ऑक्टोबरमध्ये दिलेल्या होत्या, दोन महिन्यांचा डोस एकदम, दिवाळीत पोरीकडे जायचंय म्हणून. ते आजोबा सहाव्या गल्लीतले. दिवाळीच्या पाडव्याला गेले. म्हणजे त्यांच्या सुनेने कपाट आवरलं असणार, ह्या गोळ्या हातात आल्या असणार. टाकवत नसतील. आणि दारात पोरं पिशवी घेऊन उभी.

गठ्ठ्याला पुन्हा रबर लावलं. डब्यात टाकायचा म्हणून हात नेला, आणि मग गल्ल्याच्या खणात ठेवला. अजून तिथेच आहे.