आईशी कोणत्या भाषेत बोलावे

अमळनेर तालुक्यातील आमच्या घरात सगळे अहिराणीच बोलतात. ‘माझा’ला ‘मना’ आणि ‘तुझा’ला ‘तुना’ म्हणत मी वाढलो. पुण्यात शिकताना एकदा वर्गात तोंडून ‘मना’ निघून गेले, सारे हसले, आणि पुढची चार वर्षे आईचा फोन आला की मी खोलीबाहेर जाऊन तिच्याशी दबक्या आवाजात प्रमाण मराठीत बोलत राहिलो. “असं काबरं बोलस रे भाऊ?” एवढेच ती एकदा म्हणाली. त्या हसण्यापेक्षा माझे हे लपवणे मला अधिक पोखरत होते, हे कळायला फार उशीर झाला.

आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींना (1880–1951) लिहिता-वाचता येत नव्हते, तरी शेत, संसार आणि माहेर त्यांनी आपल्याच बोलीत गायले. त्यांची लेवा गणबोली अहिराणीहून वेगळी आहे, पण तो निःसंकोचपणा मला हवा होता.

गेल्या महिन्यात कार्यालयात, सहकाऱ्यांच्या समोरच, मी आईशी अहिराणीत बोललो. ती क्षणभर गप्प राहिली आणि मग भरिताच्या वांग्यांविषयी अर्धा तास बोलत होती.