चार शून्याएवढे आहेत का?

नोकरीत मला मिळालेलं पहिलं फर्मवेअर (चिपमध्ये बसणारा प्रोग्राम) पाण्याच्या टाकीच्या मोटरचं. चिप ॲटमेगा३२८पी, भाषा सी. पोर्ट डीच्या दोन नंबरच्या पिनवर फ्लोट स्विच, चिपच्या आतला पुल-अप (मोकळी पिन पाच व्होल्टवर, म्हणजे एकवर, धरणारा रेझिस्टर) चालू. पाणी खाली गेलं की स्विच पिनला ग्राउंडला जोडतो. पिन शून्य वाचली की मोटर सुरू करायची. एवढंच काम.

मोटर काही सुरू होईना. मल्टिमीटर लावला तर पिनवर पाच व्होल्टचे व्यवस्थित शून्य होत होते. वायर बदलली, रिले बदलला, स्विचही नवा आणला. (हार्डवेअरवर संशय घेण्यात आम्हा कोडवाल्यांचा हात कुणी धरणार नाही.) दुसऱ्या दिवशी सरांनी माझी अट वाचली (पिनडी म्हणजे पोर्ट डीच्या सगळ्या पिनांचं वाचन, एका पिनला एक बिट):

पिनडी & (१ << २) == ०

"अगं, तू पिनबद्दल विचारलंच नाहीस. चार शून्याएवढे आहेत का, असं विचारते आहेस."

& दोन्हीकडे एक असलेले बिट तेवढे ठेवतं, == दोन्ही बाजू सारख्या आहेत का बघतं. सीमध्ये == आधी सुटतं, & नंतर. (१ << २) म्हणजे एकचा बिट दोन घरं डावीकडे सरकवून आलेले चार; चार काही शून्य नाहीत, म्हणून तुलनेचं उत्तर शून्य, म्हणजे खोटं, आणि शून्याशी & केलं की कायम शून्यच. अट कधी खरी होणारच नव्हती. हा उलटा क्रम जुना आहे. सुरुवातीला && नव्हतंच, & बिट जुळवणं आणि 'दोन्ही अटी खऱ्या का' बघणं ही दोन्ही कामं करायचं; && आल्यावरही सी बनवणाऱ्या डेनिस रिची यांनी जुना कोड मोडू नये म्हणून क्रम तसाच ठेवला. पिनडीपासून दोनपर्यंत कंस घातले आणि मोटर घुरघुरली. कंपायलरने कंस सुचवणारी वॉर्निंग दिली होती, पण मी वॉर्निंगचा ढीग वाचायचं कधीच सोडून दिलं होतं.

दुसरा फटका जास्त लबाड निघाला. बिघाडाचे सोळा फ्लॅग (एकेका बिटाची खूण) एका सोळा बिटच्या व्हेरिएबलमध्ये होते आणि बिट तपासणारं फंक्शन आठ बिटचं उत्तर द्यायचं. शून्य ते सात नंबरचे बिट सुरळीत. आठ नंबरचा, म्हणजे पाण्याविना मोटर फिरण्याचा, कधी लागेचना. तिथे & चं उत्तर २५६ येतं, आणि आठ बिटांत २५६ कोंबले की उरतं शून्य. नेहमीच्या वॉर्निंग या वेळी गप्प होत्या. फंक्शनने उत्तर परत करताना != ० (शून्य नाही ना?) जोडलं आणि सुटले. सी९९ (सीची १९९९ ची आवृत्ती) मधला बूल प्रकार वापरला असता तरी चाललं असतं, तो शून्य नसलेल्या कशाचंही एक करतो.

तेव्हापासून सरांचा हट्ट: बिट तपासला की कंस आणि != ० हवंच. मला ती उगाच भर वाटायची, कोड जड होईल असंही वाटायचं. म्हणून दोन्ही प्रकार कंपाइल करून असेंब्ली (चिपला मिळणाऱ्या सूचनांची यादी) शेजारी शेजारी ठेवली. दोन्हीकडे पिन तपासायला तीच एक सूचना. तिथे मी हरले.

बिटला नाव द्यायचं, नुसता आकडा नाही, हे माझं त्यांनी मान्य केलं. एव्हीआरच्या (या चिपच्या घराण्याच्या) लायब्ररीतला बिट तपासायचा तयार मॅक्रो मात्र त्यांना चालत नाही, उद्या चिप बदलली तर तो मिळणार नाही म्हणून. त्यावरून आमचं अजून जमलेलं नाही.