जेट, एबनी आणि आपले जुने अंक

१९५५ ला अमेरिकेतल्या मिसिसिपीत एमेट टिल नावाच्या १४ वर्षांच्या कृष्णवर्णीय पोराला गोऱ्यांनी मारलं, आईने शवपेटी उघडीच ठेवली आणि ओळखू न येणाऱ्या त्या चेहऱ्याचा फोटो छापला जेटने, खिशात मावेल एवढं साप्ताहिक, मालक जॉन जॉन्सन, स्वतः कृष्णवर्णीय. मालक आपला असला की काय छापायचं हे आपण ठरवतो! एबनी हे मासिकपण त्याचंच, १९४५ पासूनचं. पुढे जाहिराती इंटरनेटकडे गेल्या, २०१४ ला जेटची छपाई थांबली, २०१९ ला कंपनीचं दिवाळं निघालं. पण फोटोंचा सगळा साठा काही फाउंडेशन्सनी मिळून ३ कोटी डॉलरला घेतला आणि जपायला दिला, रद्दीत नाही गेला, हे मला सगळ्यात मोठं वाटतं. २०२१ पासून एबनी ऑनलाइन परत सुरू झालं.

आपल्याकडे बाबासाहेबांचं मूकनायक १९२० चं, तेच नाव घेऊन मीना कोटवाल यांनी २०२१ ला न्यूज साइट काढली, भारी काम आहे. पण मधल्या काळातल्या आंबेडकरी मासिकांचं काय? दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या स्टॉलवर कधीमधी दिसतात, पिना गंजलेल्या, कडा पिवळ्या, पान उलटलं की तुकडा हातात येतो.

नागपुरात कुणाच्या घरी असे अंक असतील तर रद्दीवाल्याला देऊ नका प्लीज, मोबाईलवर स्कॅन करा, पीडीएफ बनवायला मी येतो.