मोतीची खाज: तपास कुठवर आला

पिसवा बाद, खरूज बाद, यीस्ट आटोक्यात. आता सगळा संशय चिकनवर आहे.

सुरुवात अर्थातच पिसवांपासून केली. अंगावर एकही दिसत नव्हती, पण तेवढ्याने भागत नाही. ज्या कुत्र्याला पिसवांच्या लाळेची ॲलर्जी असते, त्याला मोजके चावेही पुरतात, आणि खाजवून, चावून तो पिसवा स्वतःच संपवतो. म्हणून शेपटीच्या मुळाशी बारीक दातांची फणी फिरवली आणि निघालेले काळे कण ओल्या कापसावर दाबले. पिसवांची विष्ठा असती तर पचलेल्या रक्ताचे विटकरी डाग पसरले असते. कण काळेच राहिले, म्हणजे नुसती धूळ. खरजेसाठी त्वचा खरवडून तपासली, त्यातही काही नाही. पण खरजेचे किडे खरवडीत बरेचदा सापडतच नाहीत, त्यामुळे डॉक्टरांनी आयसोक्साझोलीन गटातली गोळी दिली. पिसवा आणि खरूज, दोन्हींवर चालते. (फिट्स येणाऱ्या कुत्र्याला ही गोळी देण्याआधी डॉक्टरांना तसं जरूर सांगा.) खाज होती तशीच.

मग बोटांच्या बेचक्यांतला तो आंबूस वास. टेप लावून स्लाइड पाहिली तर मॅलेसेझिया, म्हणजे यीस्ट, त्वचेवरची एक बुरशी. क्लोरहेक्सिडीन-मायकोनाझोलचा शॅम्पू, आणि दर वेळी फेस १० मिनिटं अंगावर ठेवायचा. मोतीचा चेहरा त्या वेळी पाहण्यासारखा असतो. वास गेला, तेलकटपणा गेला, पण पंजे चाटणं थांबेना. यीस्ट बहुतेकदा आगंतुक असतं. मूळ कारण त्याच्या मागे दडलेलं असतं.

म्हणून एलिमिनेशन डाएट, म्हणजे अन्नाची ॲलर्जी आहे का ते बघायला नेहमीचं सगळं खाणं बंद. ८ आठवडे फक्त हायड्रोलाइज्ड खाणं. त्यातली प्रथिनं इतकी बारीक तोडलेली असतात की शरीराला ती सहसा ओळखू येत नाहीत. रक्त तपासून अन्नाची ॲलर्जी कळते असं सांगणारे भेटतील, पण त्या चाचण्यांवर माझा काडीचा विश्वास नाही. खरा त्रास घरच्यांचा. ‘एवढंसं दिलं तर काय होतं?’ होतं! जंताच्या चघळायच्या गोळीतला मांसाचा स्वादसुद्धा चालत नाही, बिनस्वादाची मागून घ्यावी लागली.

रोज रात्री खाजेला ० ते १० मध्ये गुण देतो. डाएटच्या आधी ७-८ असायचे. शेवटच्या आठवड्यात २ वर आले आणि पंजांवरचा लाळेचा तांबूस रंग मुळाकडून पांढरा होऊ लागला. पण नुसतं बरं वाटणं हा पुरावा नव्हे, ऋतू बदलल्यानेही फरक पडतो. म्हणून जुनं चिकनवालं खाणं मुद्दाम परत सुरू केलं. आठवडा उलटायच्या आत गुण ६, कान लाल. लगेच बंद केलं.

सध्या परत हायड्रोलाइज्ड. खाज पुन्हा २ वर आली की फक्त उकडलेलं चिकन देऊन बघणार, कारण त्या जुन्या खाण्यात गहूही होता. कुणी एकेक घटक असा वेगळा करून पाहिला असेल तर दोन घटकांमध्ये किती अंतर ठेवलंत ते सांगा. मी दोन आठवडे धरतोय.