तुम्ही विचारलंत म्हणून: मागचे स्पीकर गप्प का?

प्रश्न बहुतेक वेळा असा येतो: "पिंक फ्लॉइडची सराउंडवाली डिस्क बाहेरून मागवली, लावली, आणि सीडीपेक्षा काहीच वेगळं वाटलं नाही. पैसे पाण्यात गेले का?"

नाही गेले. तुम्ही बहुधा सीडीच ऐकलीत.

पिंक फ्लॉइडच्या 'द डार्क साइड ऑफ द मून' या अल्बमची २००३ साली निघालेली एसएसीडी (सुपर ऑडिओ सीडी, म्हणजे सीडीपेक्षा वरच्या दर्जाची चकती) हायब्रिड आहे, म्हणजे तिच्यात दोन थर आहेत. एक साध्या सीडीचा, दुसरा एसएसीडीचा. त्या दुसऱ्या थरात पुन्हा स्टिरिओ वेगळं आणि जेम्स गथ्री यांनी केलेलं ५.१ मिक्स (पाच स्पीकर आणि एक सबवूफर, म्हणजेच सराउंड) वेगळं. एकाच चकतीवर तोच अल्बम तीनदा. साध्या सीडी प्लेअरला किंवा कॉम्प्युटरच्या ड्राइव्हला फक्त सीडीचा थर दिसतो, आणि तो बिनतक्रार वाजतो. तक्रार नाही म्हणूनच फसगत होते. एसएसीडी वाचणाऱ्या प्लेअरमध्येही मेनूत जाऊन थर 'एसएसीडी' आणि चॅनेल 'मल्टी' निवडावं लागतं. कित्येक प्लेअर कारखान्यातून स्टिरिओवरच येतात.

दुसरा गुन्हेगार ऑप्टिकल केबल. तिच्यातून साधा स्टिरिओ पीसीएम (न दाबलेला डिजिटल आवाज) किंवा दाबलेलं, म्हणजे कॉम्प्रेस केलेलं, डॉल्बी डिजिटल आणि डीटीएस जातं. एसएसीडीचं सराउंड तिच्यातून जात नाही, डीव्हीडी-ऑडिओचं (संगीतासाठीच्या खास डीव्हीडीचं) पूर्ण दर्जाचं सराउंड जात नाही, ब्लू-रेवरचं डॉल्बी ट्रूएचडी (दर्जा न घटवता साठवलेलं सराउंड) तेही नाही. प्लेअर ते रिसीव्हर (सगळे स्पीकर ज्याला जोडतात तो अ‍ॅम्प्लिफायर) एचडीएमआय हवी, तीही थेट. टीव्हीमधून फिरवून आणलीत आणि टीव्हीला ईआर्क नसून नुसतं आर्क (एचडीएमआयवरून रिसीव्हरकडे आवाज पाठवायची जुनी सोय) असेल, तर ट्रूएचडी तिथेच अडकतं.

आता प्लेअरचा मेनू. ब्लू-रेसाठी आउटपुट 'बिटस्ट्रीम' (डिस्कवरचा ट्रॅक न उकलता पाठवणं) ठेवा आणि 'सेकंडरी ऑडिओ' किंवा 'बीडी ऑडिओ मिक्स' नावाचं जे काही असेल ते बंद करा. ते चालू असलं की मेनूतले टिकटिक आवाज मिसळण्यासाठी काही प्लेअर मूळ ट्रॅक उकलून पुन्हा साध्या डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएसमध्ये दाबतात. अ‍ॅटमॉस (डॉल्बीचं, वरूनही आवाज देणारं सराउंड) तर गायबच होतं. एसएसीडीसाठी उलटं. डीएसडी (एसएसीडीवरच्या आवाजाचं डिजिटल रूप) जसंच्या तसं पाठवलं तर बरेच रिसीव्हर त्यावर स्पीकरचं अंतर, खोलीची दुरुस्ती आणि बासची विभागणी (खालचे सूर सबवूफरकडे वळवणं) लावत नाहीत. आवाज येतो, पण पातळ. अशा वेळी प्लेअरलाच डीएसडीचं पीसीएम करायला सांगा. शुद्धतेच्या हट्टापायी सबवूफर उपाशी ठेवण्यात अर्थ नाही. डीव्हीडी-ऑडिओच्या डिस्कवर बहुधा डीव्हीडी-व्हिडिओचाही विभाग असतो; प्लेअर त्या विभागात शिरला तर सराउंड मिळतं, पण दाबलेलं. मेनूत 'डीव्हीडी-ऑडिओ' मोड शोधा. नुसत्या संगीताच्या ब्लू-रे डिस्क अनेकदा स्टिरिओवर सुरू होतात, म्हणून आधी ट्रॅक निवडा आणि मग वाजवा.

हे झालं की रिसीव्हरच्या समोरच्या पट्टीकडे बघा. तिथे येणारा सिग्नल 'मल्टी चॅनेल', 'ट्रूएचडी' किंवा 'डीएसडी' म्हणून दिसायला हवा. सगळे स्पीकर वाजतायत एवढ्यावर विश्वास ठेवू नका. 'ऑल चॅनेल स्टिरिओ'मध्येही सगळे वाजतात आणि तो निव्वळ गोंगाट असतो. खात्री करायची तर 'डार्क साइड'मधलं 'मनी' हे गाणं लावा. सुरुवातीची नाणी आणि गल्ल्याचा खणखणाट खोलीत तुमच्याभोवती फिरायला हवा. समोरच डावीकडून उजवीकडे उड्या मारत असेल, तर अजून स्टिरिओच चालू आहे.

नव्वदच्या दशकातल्या डीटीएस सीडी जुन्या बाजारात दिसतात. त्या साध्या प्लेअरच्या अ‍ॅनालॉग तारांतून वाजवल्या तर नुसता खरखराट येतो, आणि तो पूर्ण जोरात. आवाज आधी खाली करा. त्यांना ऑप्टिकल चालते, पण प्लेअरने सिग्नलला हात लावता कामा नये. प्लेअरमधला डिजिटल व्हॉल्यूम जरा कमी केलात तरी डीटीएसचा संकेत मोडतो.

मग स्पीकर. सिनेमासाठी बसवलेली मांडणी गाण्यांना पुरत नाही. सिनेमात मागून पाऊस आणि गर्दी येते; इथे मागून अख्खी गिटार येते, कधी कोरस, कधी ड्रम. म्हणून मागचे स्पीकर समोरच्यांच्याच मालिकेतले असावेत आणि कानाच्या उंचीला किंवा किंचित वर असावेत, छताला टांगलेले नकोत. मान्य प्रमाण असं: समोरचे दोन मधल्या रेषेपासून ३० अंशांवर, मागचे १०० ते १२० अंशांवर, सगळे तुमच्यापासून सारख्या अंतरावर. आपल्या फ्लॅटमध्ये सोफा भिंतीला टेकलेला असतो, त्यामुळे 'मागे' अशी जागाच उरत नाही. सोफा दोन फूट पुढे ओढता आला तर फार फरक पडतो. नाहीच जमलं तर स्पीकर बरोबर बाजूला घ्या, कानाच्या रेषेच्या पुढे येऊ देऊ नका, आणि त्यांचं तोंड जरा मागच्या भिंतीकडे वळवा.

अंतर टेपने मोजून रिसीव्हरमध्ये भरा. फूटभर चूक म्हणजे साधारण एक मिलिसेकंदाची चूक. टेस्ट टोन लावून प्रत्येक स्पीकर बसायच्या जागेवर ७५ डेसिबलला आणा. फोनवरचं अ‍ॅप अचूक आकडा देणार नाही, पण पाच स्पीकर एकमेकांशी जुळवायला पुरतं. लहान स्पीकर 'लार्ज' लावू नका. 'स्मॉल' आणि विभागणी ८० हर्ट्झवर, अगदीच इवले असतील तर १०० किंवा १२०. मागच्या एका स्पीकरची लाल-काळी तार उलटी लागली तर बास खचतो आणि आवाज कुठून येतोय ते कळत नाही. असा पोकळपणा जाणवला तर सेटिंग चाळण्याआधी तारा बघा. जुना प्लेअर सहा अ‍ॅनालॉग तारांनी जोडला असेल तर बासची विभागणी बहुधा प्लेअरमध्येच करावी लागते आणि सबवूफरचं चॅनेल १० डेसिबल कमी येण्याची शक्यता असते. ते तेवढं चढवा. आणि सेंटर स्पीकर नसेल तर तसं मेनूत सांगा. काही मिक्समध्ये गायक जवळजवळ एकटा सेंटरमध्ये बसवलेला असतो. सेटिंग चुकलं तर घरी फुकटची कराओके.

खरेदीत चिन्हं नीट वाचा. एसएसीडी म्हणजे सराउंड नव्हे. रोलिंग स्टोन्सच्या साठच्या दशकातल्या अल्बमच्या २००२ साली निघालेल्या हायब्रिड डिस्कवर सराउंड अजिबात नाही. खोक्यावर 'मल्टी चॅनेल'चं चिन्ह हवं. जेनेसिस बँडचे, निक डेव्हिस यांनी नव्याने मिक्स केलेले, अल्बम २००७पासून आले, तेव्हा युरोपात एसएसीडी आणि डीव्हीडी अशी जोडी मिळायची, अमेरिकेत साधी सीडी आणि डीव्हीडी. दिसायला सारखेच, म्हणून विकणाऱ्याला मागच्या बाजूचा फोटो मागा. विभागही (रीजन कोड) बघा: ब्लू-रेसाठी भारत 'सी'मध्ये, अमेरिका 'ए'मध्ये, ब्रिटन 'बी'मध्ये. नुसत्या संगीताच्या डिस्क बहुतेक कुठेही चालतात. मैफलीचं चित्रण असलेल्या अडू शकतात. सेकंडहँड प्लेअर अमेरिकेतून आणत असाल तर मागे २४० व्होल्ट लिहिलंय का ते आधी पाहा.

आकड्यांच्या मोहात मात्र पडू नका. डायर स्ट्रेट्सचा 'ब्रदर्स इन आर्म्स' १९८५चा, मुळातच डिजिटल टेपवर १६ बिटमध्ये ध्वनिमुद्रित झालेला. त्याच्या २००५च्या एसएसीडीत तपशील जास्त कुठून येणार? तरी ती घ्यावी, कारण चक एन्ले यांचं सराउंड मिक्स. त्याला ग्रॅमी मिळालं ते उगाच नाही. स्टीव्हन विल्सन यांनी २००९पासून किंग क्रिम्सन, पुढे जेथ्रो टल आणि येस या बँडचे अल्बम मूळ मल्टिट्रॅक (वाद्यं वेगवेगळी नोंदवलेल्या) टेपवरून नव्याने मिक्स केले. नव्याने सुरुवात करणाऱ्याने तिथूनच करावी, माझ्या मते येसच्या 'क्लोज टू द एज'पासून. गुंतागुंतीचं संगीत पाच जागांवर पसरलं की मोकळा श्वास घेतं. तीन वाद्यांच्या साध्या रॉकला मात्र कधीकधी सराउंड सैल करून टाकतं.

राहिलं क्वाड. सत्तरच्या दशकात एलपी तबकड्यांवर चार स्पीकरचा प्रयोग झाला: सीबीएसचं एसक्यू, सॅन्सुईचं क्यूएस, जेव्हीसीचं सीडी-४, तिन्ही एकमेकांशी न जुळणारे. पहिली दोन चार चॅनेल दोनात गुंडाळत, त्यामुळे उलगडताना पुढचं मागे झिरपायचं. सीडी-४मध्ये खाचेत ३० किलोहर्ट्झची वाहक लहर असे. ती वाचायला शिबाटा घाटाची सुई लागे आणि साध्या सुईने ती झिजून जाई. ग्राहक वैतागले आणि दशक संपता संपता सगळं बारगळलं. पण चार ट्रॅकच्या मास्टर टेप कपाटात राहिल्या. 'डार्क साइड'मधल्या 'टाइम' गाण्यातली घड्याळं त्या अल्बमचे ध्वनिमुद्रक अ‍ॅलन पार्सन्स यांनी जुन्या घड्याळांच्या दुकानात ध्वनिमुद्रित केली होती, तीही क्वाडच्या प्रात्यक्षिकासाठीच. आता डटन व्होकॅलियन ही कंपनी एसएसीडीवर आणि ऱ्हायनो ही कंपनी 'क्वाडिओ' नावाच्या ब्लू-रेवर तेच मास्टर थेट देतात. डीकोडर, सुई, काही लागत नाही. शिकागो बँडचा क्वाडिओ संच २०१६चा.

या डिस्क लावल्या की पुन्हा तोच प्रश्न येतो, यावेळी सेंटर आणि सबवूफरबद्दल. क्वाडमध्ये सेंटरचं चॅनेलच नाही, सबवूफरचंही नाही. सबवूफरला जे मिळेल ते तुमच्या ८० हर्ट्झच्या विभागणीतून. सेंटर पूर्ण गप्प असेल तर तारा उपसू नका. तो गप्पच असायला हवा.