थोडंच राहिलंय, काकू

मॅरेथॉनला रस्त्याच्या कडेला उभं राहून टाळ्या वाजवणारी माणसं फार प्रेमळ असतात आणि तेवढीच खोटारडी. अकरा वर्षं पळतेय, सात शहरांत पळून झालं, पण "थोडंच राहिलंय" म्हणणाऱ्यांपैकी ज्याचं खरंच थोडं राहिलेलं होतं असा माणूस शोधायला गेले तर एका हाताची बोटंसुद्धा जास्त होतील. थोडं म्हणजे किती, तर ते शहराप्रमाणे बदलतं. कुठे सातशे मीटर, कुठे सात किलोमीटर.

आधी सांगून टाकते, मी हळू पळते. विनय वगैरे नाही, खरंच हळू. हाफ मॅरेथॉन म्हणजे एकवीस किलोमीटर आणि वर सत्त्याण्णव मीटर (ते सत्त्याण्णव मीटर लोक बोलताना खातात, पण पायांना ते बरोब्बर कळतात), याला मला पावणेतीन तास लागतात, तेही हवा चांगली असेल तर. पुढचे लोक मेडल गळ्यात घालून, फोटो काढून, उपमा खाऊन घरी आंघोळीला पोचलेले असतात तेव्हा मी अजून रस्त्यावर असते, त्यामुळे माझ्या वाट्याला येणारं शहर वेगळंच असतं. केळी संपलेली. पाण्याचे ग्लास चेपून रस्ताभर पसरलेले आणि ते झाडून काढणाऱ्या बायका माझ्याकडे अशा बघतात की बाई, तू पुढे सरक म्हणजे आम्हाला इथला कचरा उचलता येईल. बँडवाले ढोलाला कापड गुंडाळतायत. चौकातला हवालदार शिट्टी तोंडात धरून उभा, ही एवढी गेली की सोडतोच ट्राफिक. टाळ्या वाजवणारेही बरेचसे पांगलेले असतात, जे उरतात ते मात्र चिवट असतात आणि उरलेलं सगळं प्रेम ते आमच्यासारख्यांवरच काढतात. मला शहरं कळली ती या उरलेल्या लोकांवरून.

सुरुवात ठाण्यातच झाली, शुगर बॉर्डरवर आली म्हणून. मुलगी स्कूलबसमध्ये बसली की मी उपवनला दोन चकरा, मग हळूहळू येऊरचा चढ. सासूबाईंना काळजी की बाईमाणसानं एवढं पळू नये, आतलं काहीतरी हलेल. मी तेव्हा चिडायचे, नंतर कळलं की त्या एकट्या नव्हत्या, ऑलिम्पिकवाल्यांनाही बायकांना मॅरेथॉन पळू द्यायला १९८४ साल उजाडलं होतं. त्या मानाने सासूबाईंनी दोन वर्षांत माघार घेतली आणि आता रेसच्या आदल्या रात्री स्वतः खिचडी लावतात.

मुंबई मॅरेथॉन जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी, २००४ पासून चालू आहे. माझ्या लेखी त्या रेसमधला निम्मा आनंद पळण्याआधीच वसूल होतो. पहाटेच्या जादा लोकल सोडतात, ठाण्याहून दादर, दादरहून माहीम, आणि लेडीज डब्यात पहाटे तीन-साडेतीनला शॉर्ट्स घातलेल्या पन्नाशीच्या बायका एकमेकींच्या पाठीवर पट्ट्या चिकटवून देतायत, कोणी डब्यातला उकडलेला बटाटा खातंय, कोणी बिबला, म्हणजे छातीवर लावायच्या नंबराच्या कागदाला, सेफ्टीपिना लावतंय. एरवी त्या वेळेला एकटी स्टेशनवर दिसले असते तर दहा जणांनी विचारलं असतं की मॅडम, काय झालं? वर्षातून एक पहाट अशी मिळते की कोणी काही विचारत नाही.

आता बिबवर नाव छापलेलं असतं, म्हणजे लोकांनी नावानं हाक मारावी. माझा पहिला फॉर्म नवऱ्यानं भरला, ऑफिसचा फॉर्म भरावा तसा, आडनाव आधी. सी लिंकवर प्रेक्षक नसतातच, तिथं चालत जायला एरवी बंदी, त्यामुळे अंधारात नुसता हजारो बुटांचा चपचप आवाज आणि खाली समुद्र, तोपर्यंत ठीक होतं. पण वरळीला उजाडलं आणि लोक ओरडायला लागले, "कमॉन कुलकर्णी! कुलकर्णी, यू कॅन डू इट!" मला वाटायला लागलं मी कुठल्यातरी सरकारी कचेरीत हेडक्लार्क आहे आणि माझ्याकडे यांची फाइल अडकलीय. पेडर रोडचा चढ आला तेव्हा मी चालायला लागले होते आणि तिथे एक शाळकरी मुलगा संत्र्याच्या फोडी घेऊन उभा होता, त्यानं बिब वाचलं, माझा चेहरा वाचला आणि म्हणाला, "आंटी, फिनिश बस सामने है." समोर होता तो केम्प्स कॉर्नर. फिनिशला अजून सहा किलोमीटर होते, त्यात आख्खा मरीन ड्राइव्ह, जो दिसायला चंद्रकोरीसारखा आणि पळायला मारुतीच्या शेपटासारखा.

साताऱ्यात मात्र खोटं बोलायची तऱ्हाच निराळी, तिथे सगळं वळणांवर असतं. सातारा हिल हाफ मॅरेथॉन, २०१२ साली सुरू झाली, पावसाळ्याच्या शेवटाला असते, गावातून निघायचं, बोगद्यापासून यवतेश्वरचा घाट चढायचा, वर कासच्या रस्त्याला लागायचं आणि आल्या वाटेनं खाली. म्हणजे पहिली दहा किलोमीटर देवाचं नाव घ्यायचं आणि नंतरची गुडघ्याचं. धुकं एवढं की पुढचा माणूस दिसत नाही, अंगावर भुरभुर पाऊस, आणि त्या धुक्यातून एकदम हलगीचा आवाज यायचा, मग माणसं दिसायची. आख्खं गाव रस्त्यावर. रेनकोट घातलेली पोरं टाळी द्यायला हात पुढे करून ओळीनं उभी, त्यातल्या एकाला टाळी द्यायची राहिली तर मागून पळत येऊन घेऊन गेलं. एक आजी प्लास्टिकची पिशवी डोक्यावर घेऊन गूळ-शेंगदाणे वाटत होत्या. मी विचारलं, आजी, वर अजून किती? म्हणाल्या, "हे वळाण गेलं की झालंच बघ." ते वळण गेलं. पुढच्या वळणावर एक काका, "काकू, हे शेवटचं वळण!" मग अजून एक. असं मी शेवटचं वळण सहा वेळा घेतलं. शेवटी वैतागून एका पोराला विचारलं, खरं सांग रे. तर तो अगदी गंभीरपणे म्हणाला, "खरं सांगू का काकू? मी वर गेलोच नाय कधी पळत." हा साताऱ्यातला पहिला प्रामाणिक माणूस, वय वर्षं नऊ असेल. येताना कंदी पेढे दोन किलो आणले, पळून जे काही उतरलं असेल ते तिथेच भरून काढलं.

हैदराबादला वळणं नाहीत, फ्लायओव्हर आहेत. रेस ऑगस्टमध्ये, दमट हवा, हुसेनसागरच्या काठी नेकलेस रोडवरून सुरुवात छान सपाट होते आणि नंतर शहर आपलं खरं रूप दाखवतं. गाडीतून जाताना फ्लायओव्हर हा चढ आहे असं मला आयुष्यात वाटलं नव्हतं, आपण आपले फोनमध्ये डोकं घालून बसलेलो असतो. तिथं एक उतरला की दुसरा. एका फ्लायओव्हरच्या पायथ्याशी दोन म्हातारबुवा प्लास्टिकच्या खुर्च्या टाकून चहा पीत बसले होते. त्यातले एक उठून उभे राहिले आणि म्हणाले, "बस हो गया अम्मा, इधरीच है, दो मिनिट का काम." हैदराबादी माणूस कालची गोष्ट असो नाहीतर चार वर्षांपूर्वीची, परसों म्हणतो, तेव्हा त्यांचं दोन मिनिट कसलं असणार ते माझं मलाच कळायला हवं होतं. मी मात्र विश्वास ठेवला, स्पीड वाढवला आणि पुढच्या फ्लायओव्हरवर पोटरीत असा गोळा आला की कठडा धरून रामराम म्हणत उभी राहिले. पण "अम्मा" म्हटल्यावर राग धरता येत नाही, हाही तिथल्या लोकांचा एक डावच आहे.

बेंगलोरचं दहा किलोमीटरच होतं, सुरू होता होता संपलं आणि डोसा खाल्ला, त्यावर काही लिहिण्यासारखं नाही.

दिल्लीत नणंद असते म्हणून गेले. कोर्स एकदम सपाट, रस्ते लग्नाच्या हॉलसारखे रुंद, टायमिंग चांगलं येतं म्हणून सगळे तिथे पीबी, म्हणजे स्वतःचा आजवरचा सगळ्यात चांगला टाइम, काढायला जातात, माझाही तिथलाच आहे. पण मला करमलं नाही. ऑक्टोबरचं धुरकट आभाळ, लांबच लांब सरळ रस्ता, दोन्हीकडे झाडं आणि बंगल्यांच्या भिंती, आणि त्या सगळ्या भागात राहतं कोण तर साहेबलोक, ते काय सकाळी सातला बाहेर येऊन आम्हाला टाळ्या वाजवणार! किलोमीटरमागून किलोमीटर खोटं बोलायलासुद्धा कोणी नाही. एक बंदोबस्तावरचा जवान तेवढा म्हणाला, "चलते रहो मॅडमजी." किती राहिलं ते त्यानं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही, पण पुढचे दोन किलोमीटर मी त्याच्याच वाक्यावर काढले. पीबी आला तो आला, घरी आल्यावर नणंदेनं विचारलं वहिनी कसं झालं, तर मला सांगायला एकही गोष्ट नव्हती, नुसता आकडा होता.

आकड्यावरून आठवलं. फुल मॅरेथॉनचे ते जे ४२.१९५ किलोमीटर आहेत ना, ते पण असंच थोडंसं म्हणून वाढवलेलं प्रकरण आहे. १८९६ च्या पहिल्या ऑलिम्पिकला साधारण चाळीसच पळाले होते. १९०८ ला लंडनमध्ये विंडसर कॅसलपासून सुरुवात आणि शेवट स्टेडियममध्ये राजघराण्याच्या बॉक्ससमोर, असं करता करता २६ मैल आणि वर ३८५ यार्ड झाले, आणि पुढे १९२१ मध्ये तेच अंतर कायम करून टाकलं. म्हणजे राणीला बसल्या जागेवरून नीट दिसावं म्हणून माझ्या फुलवाल्या मैत्रिणी आजपर्यंत शेवटच्या टप्प्यात शिव्या घालतायत.

पुण्यावरचे विनोद आता शिळे झालेत हे मान्य, पण हे खरोखर घडलंय आणि माझं माहेर पुण्याचं असल्यामुळे मला सांगायचा अधिकार आहे. डिसेंबरचा पहिला रविवार, कडाक्याची थंडी, ही रेस १९८३ पासूनची, आमच्या लहानपणी आफ्रिकन रनर बघायला बाबा खांद्यावर बसवून न्यायचे. तर एक कानटोपीवाले आजोबा पिशवीत दूध घेऊन फुटपाथवर थांबले होते. मी नेहमीच्या आशेनं विचारलं, आजोबा, थोडंच राहिलंय ना? त्यांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "पावणेपाच किलोमीटर. तुमच्या वेगानं चाळीस मिनिटं धरा. आणि डावीकडून पळा, मध्ये येऊ नका." मला बेचाळीस लागली.

आणि लेह. ते माझ्या पन्नाशीचं स्वतःला दिलेलं बक्षीस होतं, एक वर्ष आधीच घेऊन टाकलं. साडेतीन हजार मीटर उंची, हवेत ऑक्सिजन आपल्याकडच्या साधारण दोन-तृतीयांश, त्यामुळे आधी काही दिवस जाऊन नुसतं बसायचं, हवेची सवय करायची. तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत चढून गेले तरी छाती धडधडत होती आणि मी इथं एकवीस किलोमीटर पळायला आलेय. सुरुवातीला उतार, परतीला लेहकडे चढ, आणि त्या चढाला मी पळत नव्हते, चालतही नव्हते, पाय एकामागून एक टाकायचा नुसता विचार करत होते. ऊन एवढं लख्ख की डोंगर कात्रीनं कापून चिकटवल्यासारखे. एका घरासमोर एक म्हाताऱ्या बाई लोकरीचा झगा घालून, हातात प्रार्थनाचक्र फिरवत बसल्या होत्या, शेजारी बहुतेक नात असावी. नात म्हणाली, "जुले, आचे-ले." जुले म्हणजे नमस्कार आणि आचे म्हणजे ताई, हे आमच्या होमस्टेवालीनं शिकवलं होतं. एकोणपन्नासाव्या वर्षी काकू, आंटी, अम्मा सगळं होऊन मी इथं परत ताई झाले होते. मी विचारलं, कितना बाकी है? ती आजीशी काहीतरी बोलली, आजी हसल्या, हातानं बस बस अशी खूण केली. नात म्हणाली, "बहुत बाकी है. आराम से जाओ." मग मी खरंच दोन मिनिटं त्यांच्या ओट्यावर बसले. आजींनी दोन सुक्या जर्दाळू दिल्या. आतापर्यंत प्रत्येक शहरानं मला पुढे ढकललं होतं, बसायला सांगणारं हे पहिलंच.

या जानेवारीत टाच दुखत होती म्हणून डॉक्टरांनी पळायला बंदी केली. घरात बसून काय करणार, मैत्रिणीला घेऊन पेडर रोडला गेले, आठ किलो संत्री सोलून, मीठ लावून दोन ताटात. मनाशी ठरवून गेले होते की आपण खरं सांगायचं, अकरा वर्षं जे भोगलं ते दुसऱ्याला नको. आठ वाजून गेल्यावर माझी माणसं यायला लागली, मागची. एक साठीचे काका, फुलचं बिब, मान एका बाजूला झुकलेली, त्यांनी विचारलं, किती राहिलं हो? मी स्पष्ट सांगितलं, सहा किलोमीटर, आणि हा चढ अजून संपलेला नाहीये. ते थांबले. माझ्याकडे बघितलं, डिव्हायडरकडे बघितलं आणि डिव्हायडरवर बसून बुटाची लेस सोडायला लागले. मैत्रिणीनं माझ्याकडे अशी नजर टाकली की बस.

तेवढ्यात एक कॉलेजची पोरगी आली, डोळे भरलेले, ओठ पांढरे. "काकू, अजून किती?"

"थोडंच राहिलंय गं बाळा," मी म्हणाले, "हे काय, हा चढ गेला की झालंच."

ती गेली पळत. मी वळले तर काका एक बूट हातात धरून माझ्याकडेच बघत होते.

"मला तुम्ही सहा सांगितलेत," ते म्हणाले.

मी त्यांना संत्र्याच्या अजून दोन फोडी दिल्या.